आतून आलेला निरोप

मामाच्या पाण्याच्या बाटलीवर काळ्या मार्करची एक रेघ होती. आधी मोकळं होऊन यायचं, मग रेघेपर्यंतचं, म्हणजे बरोबर अर्धा लिटर पाणी पिऊन टाकायचं आणि पाऊण तास जागचं उठायचं नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मामाला वीस दिवस रेडिएशन होतं. बाकावर साठी ओलांडलेले दहा-बारा पुरुष बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर बाटली, आणि नंबर लांबला की एकेकाचा पाय हलायला लागायचा. रेडिएशन असं कुणी म्हणत नसे. ‘तुमची लाइट कितवी?’ ‘आज अकरावी.’ असं चालायचं.

सातव्या दिवशी मामाला टेबलावर चढवलं, स्कॅन काढला आणि पुन्हा खाली उतरवलं. टेक्निशियन पोरगा नम्र होता. म्हणाला, ‘काका, आज पोटात गॅस आहे. जरा फिरून या, मग बघू.’

मामा चिडला. ‘पाणी मोजून प्यायलोय. ही रेघ बघा.’

‘पाणी बरोबर आहे काका. पण गॅसने आतलं सगळं पुढे सरकलंय.’

संध्याकाळी घरी चहा घेताना मामाच्या डोक्यात तेच घोळत होतं. ‘दार लावून सगळे बाहेर जातात. मी आत एकटा. त्या वेळी पोटात काय सरकतंय, हे कुणाला कळतं?’

‘स्कॅन काढतात ना, मामा.’

‘तो आधी. नंतर?’

त्या ‘नंतर?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की माणसांनी या प्रश्नावर सत्तर वर्षं डोकं लढवलं आहे. शरीरात एखादी बारीक वस्तू ठेवायची, तिला बोलतं करायचं आणि बाहेर बसून ऐकायचं. उपचार चालू असताना गाठ कुठे आहे, किरण किती पोचले, गाठीला श्वास मिळतोय का, अंगात ताप चढतोय का, हे आतल्यानेच सांगायचं. त्यातल्या काही वस्तू रुग्णांच्या शरीरात गेल्या, काही उंदीर-मेंढ्यांपर्यंत पोचल्या. त्यांची ही हकिकत.

तांदळाचा दाणा आणि तरफेच्या तारा

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिला शेजार वाईट मिळाला आहे. वर मूत्राशय, मागे गुदाशय, आणि दोघंही दिवसभर भरतात नि रिकामे होतात. गुदाशयात वाऱ्याचा एक बुडबुडा आला, तरी प्रोस्टेट काही मिलिमीटर पुढे ढकलली जाते. किरणांचा नकाशा मात्र काही दिवस आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून बेतलेला असतो. म्हणून डॉक्टर गाठीभोवती थोडी जागा जास्त धरतात. त्याला मार्जिन म्हणतात. मार्जिन जितकं रुंद, तितका निरोगी गुदाशय आणि मूत्राशय किरणांत सापडतो. मग पुढे काही महिन्यांनी शौचातून रक्त जाणं, लघवीची घाई होणं, अशी दुखणी मागे लागतात.

अमेरिकेत सिअॅटलच्या कॅलिप्सो मेडिकल टेक्नॉलॉजीज या कंपनीने यावर एक दाणा काढला. लांबी सुमारे ८ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटरहून किंचित कमी, म्हणजे बासमतीच्या दाण्याएवढा. काचेच्या कुपीत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. बॅटरी नाही. असे तीन दाणे सुईने प्रोस्टेटमध्ये ठेवायचे. २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मंजुरी दिली.

बॅटरी नसताना हा दाणा बोलतो कसा? सतार किंवा सारंगी ऐकणाऱ्याला हे सांगायला नको. वरची तार छेडली की खाली त्याच सुरात लावलेली तरफेची तार हात न लावता झंकारते. इथेही तसंच. रुग्णाच्या अंगावर थोड्या उंचीवर एक चपटा फलक धरलेला असतो. तो विद्युतचुंबकीय लहर सोडतो, दाण्यातलं वेटोळं त्या सुराला जागं होतं, आणि फलक गप्प झाल्यावरही क्षणभर गुणगुणत राहतं. ती गुणगुण फलक टिपतो. तिन्ही दाणे वेगवेगळ्या सुरांत लावलेले, साधारण ३००, ४०० आणि ५०० किलोहर्ट्झ, त्यामुळे कुठला आवाज कुणाचा यात गल्लत होत नाही. खोलीतल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना फलक नेमका कुठे आहे हे कळतं, फलकाला दाणे कुठे आहेत हे कळतं. गणित सुटलं. सेकंदाला दहा वेळा.

मामाच्या ‘नंतर?’चं हे उत्तर. दार लावल्यावरसुद्धा बाहेरच्या पडद्यावर एक रेषा चालू राहते. रेषा मर्यादेबाहेर गेली की किरण थांबवायचे, टेबल दोन मिलिमीटर सरकवायचं, पुन्हा सुरू करायचं.

ही रेषा पहिल्यांदा नीट पाहिल्यावर काय दिसलं, ते २००७ मध्ये पॅट्रिक कुपेलियन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. अमेरिकेतल्या पाच केंद्रांवरचे ३५ रुग्ण, रोजच्या बैठका. ४१ टक्के बैठकांत प्रोस्टेट निदान ३ मिलिमीटर सरकून एकूण अर्धा मिनिट तरी तिथे राहिली होती. ५ मिलिमीटरचा निकष लावला तर १५ टक्के बैठकांत. काही वेळा ती हळूहळू घसरत जायची, काही वेळा एकदम उसळी घेऊन परत जागेवर यायची. टेबलावरचा माणूस पुतळ्यासारखा निश्चल होता.

३-५ मिलिमीटरचं एवढं काय, असं वाटेल. पूर्वी प्रोस्टेटला रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) याप्रमाणे ३९ दिवस किरण देत. एखाद्या दिवशी नेम चुकला तर बाकीचे दिवस सांभाळून घेत. २०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘चिप’ या मोठ्या चाचणीने दाखवलं, की रोज ३ ग्रेप्रमाणे २० दिवसही तितकेच चालतात. मामाचे वीस दिवस तिथून आले. २०२४ मध्ये ‘पेस-बी’ चाचणीचे निकाल आले. निवडक रुग्णांत अवघ्या पाच बैठका, एकूण ३६.२५ ग्रे, तितक्याच परिणामकारक ठरल्या. वाई-साताऱ्याहून येणाऱ्या माणसाला एकोणचाळीसऐवजी पाच फेऱ्या म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण पाचच असतील तर एकही वाया घालवून चालत नाही. फेऱ्या जितक्या कमी, तितकी एकेका मिलिमीटरची किंमत जास्त.

दाण्यालाही मर्यादा होत्या. सांधा बदलून कमरेत धातू बसवलेल्या माणसात लहरी बिघडतात. फार जाड अंगाच्या माणसात फलकापर्यंत आवाज पोचत नाही. आणि एमआरआयच्या चित्रात दाण्याभोवती काळा डाग उमटतो. २०११ मध्ये व्हेरियन या मोठ्या कंपनीने कॅलिप्सो विकत घेतली. दरम्यान टेबलावरच काढता येणारा सीटी स्कॅन आला, मग किरण देता देता एमआरआयने आत बघणारं यंत्रही आलं. आज बहुतेक ठिकाणी, मामाच्या रुग्णालयातही, आत दाणा न ठेवता बाहेरून चित्र काढूनच काम भागवतात. ते चित्र कुणाला तरी बघावं लागतं, आणि ‘काका, जरा फिरून या’ असं म्हणावं लागतं.

किरण पोचले का?

त्याच २००६ मध्ये एफडीएने आणखी एका कुपीला मंजुरी दिली. ती गाठीची जागा सांगत नसे. तिथे किती किरण पोचले, हे सांगे.

हा प्रश्न कुठून आला हे समजायला पनामाला जावं लागेल. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०००-०१ मध्ये २८ रुग्णांना ठरल्यापेक्षा खूप जास्त किरण दिले गेले. यंत्र ठणठणीत होतं. डोसचा हिशोब करणाऱ्या संगणकात निरोगी भाग झाकणाऱ्या शिशाच्या ठोकळ्यांची माहिती वेगळ्या पद्धतीने भरली गेली, आणि संगणकाने मुकाट्याने चुकीचं उत्तर दिलं. कागदावर सगळं बरोबर दिसत होतं. रुग्णांचे जुलाब थांबेनात, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. त्यातले काहीजण दगावले. म्हणजे शरीर सांगत होतं, पण त्याच्याकडे सांगायला फक्त दुखणं होतं.

उत्तर कॅरोलिना राज्यातल्या सायसेल टेक्नॉलॉजीजने शरीराला आकडा दिला. त्यामागे चार्ल्स स्कॅरॅन्टिनो हे रेडिएशनचे डॉक्टर होते. कुपी सुमारे २ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. आत मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर. मोबाइलच्या चिपमध्ये असे अब्जावधी असतात. त्याच्यात काचेसारखा एक पातळ थर असतो. त्यावर किरण पडले की थरात विद्युतभार अडकून बसतो, आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज थोडं बदलतं. जितके किरण, तितका बदल. दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा उडालेला रंग बघून ते किती दिवस उन्हात होतं ते सांगावं, तसाच हा हिशोब. बैठकीआधी आणि नंतर एक वाचकयंत्र अंगाजवळ धरायचं. त्याच्या लहरींवरच कुपी जागी होते आणि आकडा सांगते. इथेही बॅटरी नाही. स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात ही कुपी वापरली गेली. ठरवलेला डोस आणि आत मोजलेला डोस यांत काही रुग्णांत फरक पडतो, हे तिने दाखवूनही दिलं. सायसेल ही कंपनी मात्र काही वर्षांतच बंद झाली.

हे दोन दाणे मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघते. एकाच वर्षी मंजूर झालेले, दोन्ही काचेचे, दोन्ही बिनबॅटरीचे, दोन्ही खरं बोलणारे. पण टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाच्या जागी जाऊन बघा. पहिला दाणा म्हणतो, ‘गाठ ४ मिलिमीटर पुढे आली.’ काय करायचं हे माहीत असतं, आणि ते त्याच मिनिटाला करता येतं. दुसरा म्हणतो, ‘आज ६ टक्के कमी पोचले.’ बाण तर सुटलेला आहे. रुग्ण सरकला होता का? कुपी आतल्या आत हलली का? हिशोब मुळात चुकला, की मापातच काही टक्क्यांची गफलत आहे? उद्या ६ टक्के जास्त द्यायचे का? या प्रश्नांसाठी डोसचा हिशोब करणाऱ्या फिजिसिस्टला बोलवावं लागतं, नकाशा पुन्हा काढावा लागतो, आणि बाहेर पन्नास माणसं बाटल्या घेऊन बसलेली असतात. पहिल्या निरोपाबरोबर कामाची चिठ्ठी येते, दुसऱ्याबरोबर चौकशीची. दवाखान्यात पहिलीला हात लगेच मिळतात. दुसरीला वेळ काढणारं माणूस लागतं.

बाजाराचा हिशोब बाजूला ठेवला तरी या तुलनेतून शरीरातल्या सेन्सरची सगळी गोष्ट कळते. मोजणं हा अर्धाच भाग. ऐकून काहीतरी करणारा कुणी आहे का, हा उरलेला.

स्पुटनिकच्या वर्षी

या विद्येची सुरुवात १९५७ची. ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशातून ‘बीप बीप’ करू लागला आणि जग रेडिओला कान लावून बसलं. त्याच्या चार महिने आधी, जूनमध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल याकोबसन यांचा छोटा लेख आला होता. त्यांनी गिळायची एक कॅप्सूल केली होती. ती पोटातला दाब आणि तापमान रेडिओवरून बाहेर कळवत होती. तिला त्यांनी ‘एन्डोरेडिओसोंड’ असं भारदस्त नाव दिलं. एक यंत्र पृथ्वीबाहेर गेलं, एक माणसाच्या आत, आणि दोन्ही एकाच भाषेत बोलत होती.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, कार्टर कॉलिन्स यांनी डोळ्यातला दाब मोजणारा बिनबॅटरीचा इवलासा सेन्सर मांडला. आत वेटोळं, बाहेर सूर. दाब बदलला की आतला सूर बदलतो. कॅलिप्सोच्या दाण्याचे हे पूर्वजच म्हणायचे. पुढे याच तत्त्वावर अटलांटाच्या कार्डिओमेम्स कंपनीने फुप्फुसाच्या धमनीत बसणारा सेन्सर केला. जय यादव हे भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ तिचे एक संस्थापक. हृदय अशक्त झालेल्या माणसाने घरी उशीवर झोपायचं, उशीतला फलक आतला दाब वाचतो, आकडा डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर गोळीचा डोस बदलतात. ५५० रुग्णांच्या चाचणीत रुग्णालयात भरती व्हायच्या वेळा स्पष्टपणे घटल्या, आणि २०१४ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. इथेही निरोपाबरोबर चिठ्ठी होती: दाब वाढला, पाणी उतरवायची गोळी वाढवा.

धापा टाकणाऱ्या मेंढ्या

कर्करोगाच्या गाठीला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न वेगळाच आहे. तुला श्वास मिळतोय का?

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लुई हॅरल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की पेशीजवळ ऑक्सिजन नसेल तर किरण तिला नीट मारू शकत नाहीत. प्राणवायूला मुकलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. दोन वर्षांनी थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिनीपासून सुमारे दोन केसांच्या जाडीएवढं दूर गेलं की पेशी मेलेल्या. ऑक्सिजनची धाव तेवढीच. मेलेल्या आणि धडधाकट पेशींच्या मधल्या पट्ट्यात गुदमरलेल्या, पण जिवंत पेशी. किरणांना दाद न देणाऱ्या त्याच. पुढे १९७५ मध्ये किरणांच्या मात्रेच्या एककाला ‘ग्रे’ हे नाव मिळालं. मामाला रोज ३ ग्रे मिळत होते, पण त्याच्या गाठीतला कुठला कोपरा गुदमरलेला आहे, हे ग्रे साहेबांच्या शोधानंतर सत्तर वर्षांनीही रोजच्या रोज कळत नाही.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात अॅलन मरे यांच्या पुढाकाराने २०१३ च्या सुमारास ‘इम्पॅक्ट’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. गाठीत बसेल एवढी चिप, ऑक्सिजन आणि आम्लता मोजणारी. तिचा आकडा बघून किरण कधी नि कुठे जास्त द्यायचे हे ठरवायचं, असं स्वप्न. माणसाआधी कुणावर तरी पारखून बघणं आलं. तिथे मदतीला आल्या मेंढ्या.

मेंढ्यांना एका विषाणूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या मेंढपाळांनी त्याला ‘यागझीक्टे’ नाव दिलं होतं. अर्थ, पाठलागाचा आजार. कुणीतरी मागे लागल्यासारखी मेंढी उभ्या उभ्या धापा टाकते. ही गाठ माणसाच्या फुप्फुसातल्या एका नेहमीच्या कर्करोगाशी मिळतीजुळती असते आणि स्कॉटलंडच्या कळपांत आपोआप आढळते. शिवाय मेंढीची छाती जवळजवळ माणसाएवढी, म्हणजे माणसाची उपकरणं तिला चालतात.  

भूल दिलेल्या मेंढीच्या गाठीत सेन्सर ठेवून तिच्या श्वासातला ऑक्सिजन कमी-जास्त केला, तर गाठीतला आकडाही हलतो, हे या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. एवढंसं वाटतं, पण एरवी एखाद्या क्षणाच्या चित्रात दिसणारी गोष्ट इथे वाहत्या आकड्यात दिसली.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मायकल सीमा यांच्या गटाने दुसरी वाट धरली. प्लॅस्टिकच्या बारीक डबीत चुंबकीय कण, त्यांवर एखाद्या विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे अँटिबॉडी, आणि डबीच्या तोंडाला चाळणीसारखा पडदा. गाठीने सोडलेलं प्रथिन आत शिरलं की कण एकमेकांना चिकटतात, आणि एमआरआयमध्ये डबी वेगळी दिसते. २००९ मध्ये उंदरांच्या शरीरात महिनाभर ठेवून त्यांनी हे दाखवलं. पुन्हा बायोप्सीची सुई टोचायची नाही. सुईच आत राहते आणि बाहेरून विचारता येते, अशी ती कल्पना.

पाहुण्याला कोंडणारं घर

मग हे दवाखान्यात का दिसत नाही? मोठं कारण आपलं शरीर. बाहेरची वस्तू आत आली की शरीर आधी तिच्यावर प्रथिनांचा लेप देतं, मग पांढऱ्या पेशी पाठवतं, आणि तेवढ्याने गेली नाही तर तिच्याभोवती चिवट पिशवी विणून तिला कोंडून टाकतं. जागा सांगणाऱ्या दाण्याला त्याचं काही नाही. पिशवीने त्याची जागा पक्कीच होते. पण ऑक्सिजन किंवा प्रथिन मोजणाऱ्याला आजूबाजूच्या रसाचा स्पर्श लागतो. पिशवीत कोंडल्यावर तो गाठीचं माप सोडून पिशवीचंच माप सांगायला लागतो. आकडा येतच राहतो, फक्त तो खोटा असतो.

मधुमेहाच्या दुनियेने यावर उपाय काढला आहे. दंडाच्या कातडीखाली बसणाऱ्या ‘एव्हरसेन्स’ या साखर मोजणाऱ्या सेन्सरला २०१८ मध्ये ९० दिवसांची, आणि २०२४ मध्ये वर्षभराची मंजुरी मिळाली. त्याच्याभोवती डेक्सामिथासोनची एक कडी असते. ती थोडं थोडं औषध सोडत शरीराचा राग शांत ठेवते. केमो घेतलेल्या घरांना हे नाव ओळखीचं असेल. ओकाऱ्या थांबवायला सलाइनमधून देतात, तेच औषध. वर्षभर आत टिकून खरं बोलणारी वस्तू करता येते, याचा हा पुरावा.

दुसरी अडचण माणसांच्या दुनियेतली. वस्तू शरीरात राहते, कंपनी राहतेच असं नाही. सायसेलची कुपी काही बोलत नाही आता, पण बिनबॅटरीची असल्याने निदान त्रासही देत नाही. ‘सेकंड साइट’ या अमेरिकन कंपनीने अंधांच्या डोळ्यात ‘आर्गस’ नावाचं यंत्र बसवलं होतं. साडेतीनशेहून जास्त माणसांनी ते घेतलं, आणि कंपनीने त्यातून अंग काढून घेतल्यावर दुरुस्तीला कुणी उरलं नाही. मिक्सर बंद पडला तर सर्व्हिस सेंटर शोधता येतं. डोळ्यात बसवलेल्या यंत्राचं काय करायचं?

काउंट आणि थर्मामीटर

रेडिएशनच्या रांगेतून केमोच्या वॉर्डात आलं की प्रश्न आणखी साधा होतो, आणि आणखी जिवावरचा. केमोनंतर सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. ‘काउंट खाली गेलाय’ हे वाक्य कर्करोगाच्या प्रत्येक घराला पाठ असतं. त्या दिवसांत ताप हाच बहुतेक वेळा एकमेव इशारा असतो, कारण पू धरायलाही पेशी लागतात. ताप एकदा १०१ फॅरनहाइटला गेला किंवा १००.४ वर तासभर राहिला, तर थेट रुग्णालय गाठायचं आणि पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

सेन्सर इथे सर्वांत सोपा आहे. तापमान मोजायला ना प्रथिन लागतं, ना गाठीचा रस. केमो द्यायला बऱ्याच जणांच्या छातीत कातडीखाली पोर्ट बसवलेलं असतं. त्यातच एक कण ठेवला, तर पहाटे तीनला, घर झोपलेलं असताना, तो ताप ओळखेल. पण निरोप कुणाला जाणार? मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून उपचार घेणारी कुटुंबं विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून येतात. धर्मशाळेत असताना ताप आला तर टॅक्सीने पंधरा मिनिटं. पण दोन केमोंच्या मधल्या तीन आठवड्यांत गावी गेलेल्या माणसाला १०१ ताप आला, तर शिरेतून अँटिबायोटिक सुरू करणारा सर्वांत जवळचा डॉक्टर कुठे आहे, आणि मध्यरात्री तो दार उघडेल का, यावर सगळं अवलंबून. तिथे घरातला साधा थर्मामीटर नि कातडीखालचा कण यांची किंमत सारखीच.

निरोपाला उत्तर देणारं माणूस असलं तर काय होतं, याची एक चाचणी झाली आहे, आणि तिच्यात सेन्सर नव्हताच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ईथन बॅश यांनी पसरलेला कर्करोग असलेल्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीसारखी काळजी. दुसऱ्या गटाने संगणकावर बारा नेहमीच्या त्रासांची नोंद करायची: मळमळ, दम, वेदना, थकवा, असे. त्रास वाढला की नर्सला आपोआप ईमेल जायचा आणि नर्स फोन करायची, औषध बदलून घ्यायची, बोलावून घ्यायची. २०१७ मध्ये निकाल आले. नेहमीच्या गटातले रुग्ण मध्यकाच्या हिशोबाने २६ महिने जगले, नोंद ठेवणारे ३१.२ महिने. पाच महिन्यांचा फरक. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याची किंमत लाखांत गेली असती.

बॅश यांच्या चाचणीत सेन्सर म्हणजे रुग्ण स्वतः होता, आणि बिनतारी यंत्रणा म्हणजे साधं इंटरनेट. नवीन होतं ते एवढंच, की निरोप जिथे पोचायचा तिथे उत्तर देणारी नर्स नेमलेली होती आणि तो तिच्या कामाचा भाग होता. म्हणून एखादं रुग्णालय ‘आम्ही स्मार्ट सेन्सर आणतोय’ म्हणालं, की मला चिपचा आकार किंवा बॅटरीचं आयुष्य विचारावंसं वाटत नाही. रात्रपाळीला कोण आहे, ते विचारावंसं वाटतं.

नंबर

मामाचे वीस दिवस पार पडले. शेवटच्या दिवशी टेक्निशियन पोराने फाइलच्या मागे एक फोन नंबर लिहून दिला. ‘काका, लघवीला त्रास झाला, अडली, रक्त दिसलं, तर लगेच फोन करा.’ मामाने तो नंबर घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवरही उतरवून ठेवला. मामा असाच आहे.

आठव्या दिवशी रात्री साडेअकराला लघवी अडली. रेडिएशननंतर प्रोस्टेट सुजते, कधीकधी वाटच बंद होते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं. मामाने काहीच चुकवलं नाही. शेवटची लघवी कधी झाली, पाणी किती प्यायलं, पोट किती फुगलंय, सगळं मामीने कागदावर लिहून घेतलं आणि नंबर लावला. रिंग जात राहिली. पाच वेळा लावला, पाचही वेळा पूर्ण रिंग गेली. दीड वाजता गल्लीतल्या डॉक्टरांना उठवलं, त्यांनी नळी घातली. बाटलीवरच्या रेघेच्या दुप्पट भरेल एवढी लघवी निघाली, असं मामा नंतर सांगायचा. आता हसून सांगतो, तेव्हा हसत नव्हता.

सकाळी साडेनऊला रुग्णालयातून फोन आला. आवाज नम्रच होता.

‘काका, रात्री पाच मिस्ड कॉल दिसतायत तुमचे. काय त्रास होतोय?’

मामा म्हणाला, ‘आता काही नाही. रात्री होत होता.’